बंद न पडणारं मशीन

माझ्या साडूंइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या नवी मुंबईत वसवला गेला नसेल. आमच्या घरी आले की ते सोफ्याच्या कडेला जेमतेम टेकत. चहा येईपर्यंत ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवून आणि बेसिनच्या नळाचा वायसर काढून झालेला असे, आणि चहा आला की कप हातात घेऊनच ते मिक्सरचं बूड उघडायला स्वयंपाकघरात शिरत. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचा चेहरा फुलायचा. चालू वस्तू दिसली की ते तिच्याकडे जरा संशयानं बघायचे. माझी बायको त्यांची धाकटी मेहुणी, त्यात साताऱ्याची, त्यामुळे तिची जीभ त्यांच्यापुढे सैल सुटे. "दाजी, बसा की वाईच. मिक्सर काय पळून चाललाय व्हय?" "बसलोच आहे," असं ते उभ्यानंच सांगत.

नेरूळच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आम्ही दोघं होमाच्या धुरात डोळे चोळत बसलो होतो, तेव्हा हे गृहस्थ आतल्या खोलीत माझ्या नव्याकोऱ्या काँप्युटरमधलं होतं नव्हतं ते उडवून त्यात काँप्युटर चालवणारं लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर भरत होते. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी! मी चिडलो, तर पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्या माझ्या बायकोलाच त्यांनी थांबवलं.

"ह्या दह्याला विरजण कुठनं आणलंस?"

"शेजारच्या काकूंकडनं."

"दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, असं लिहून घेतलं त्यांनी?"

"काहीतरीच काय, दाजी!"

"बस. लिनक्स म्हणजे ते विरजण. कोणीही न्या, लावा, वाटा. विकतचं म्हणजे दह्याच्या भांड्याला कुलूप."

पुढच्या संक्रांतीला तर त्यांनी कहरच केला. आमच्या मेहुणीबाई, म्हणजे साडूंच्या सौ. अक्का, नेरूळमधल्याच त्यांच्या घरी हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटणार होत्या. साडूंनी त्या परत करायला लावल्या आणि सोसायटीतल्या समस्त बायकांना तिळगुळाबरोबर लिनक्सची एकेक सीडी वाण म्हणून दिली. नंतर कितीतरी दिवस त्या सीड्या गॅलऱ्यांमधून दोऱ्यानं टांगलेल्या चमकत होत्या. कबुतरं खरोखरच येईनाशी झाली. "बघा, ह्यातही विकतच्या जाळीपेक्षा सरस!" हे वर त्यांचं म्हणणं.

रबाळ्याला त्यांच्या कारखान्यात एक मुख्य मशीन होतं, बाकीचे सगळे काँप्युटर त्याला जोडलेले. त्यात विकतचं, भारीतलं सॉफ्टवेअर होतं आणि ते रोज दुपारी न चुकता अडकायचं. गेटपास निघेना म्हणून माल भरलेले ट्रक गेटवर उभे आणि साडू मशीनला शुद्धीवर आणायला धावतायत, असा नेम. लिनक्स लावू द्या म्हणून त्यांनी साहेबांचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "लावा तुमचं फुकटचं. पण एक जरी ट्रक अडला ना, तर राजीनामा आणून ठेवायचा."

साडू लगेच हो म्हणाले. घरी विचारणं वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतंच. अक्का आमच्याकडे येऊन रडल्या. "नोकरी लावली गं ह्यांनी पणाला, त्या कबुतरं हाकलायच्या सीडीवर!" त्यांनी देव पाण्यात घातले. खरं सांगायचं तर मीही मनातून हादरलो होतो.

साडूंनी भंगारात निघालेल्या एका मशीनमध्ये लिनक्स भरलं आणि ते सुरू केलं. ते सुरूच राहिलं. दुपार झाली तरी सुरू, महिना उलटला तरी सुरू. ट्रक वेळेवर सुटू लागले, साहेब हसून बोलू लागले, अक्कांनी देव पाण्यातून काढले. फक्त साडू सुकत चालले. एका रविवारी आमच्याकडे आले आणि चक्क सोफ्यावर पाठ टेकून बसले. माझी बायको घाबरलीच.

"दाजी, बरं नाही का?"

"पडतच नाही गं बंद," ते म्हणाले. "मी जातो, बघतो, चालूच. परत येऊन बसतो. दिवसभर करू काय मी?"

हे साहेबांच्याही ध्यानात आलंच. ते खूश होते, म्हणून त्यांनी साडूंना काढलं नाही. बढती देऊन वापीच्या कारखान्यात पाठवलं. तिथलं सगळंच रोज बंद पडत होतं. हरले असते तर नोकरी गेली असती. जिंकले म्हणून नेरूळ गेलं. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि साडू टेम्पोचं बॉनेट उघडून आत वाकले होते. बराच वेळ वर बघेनात.

आता दर रविवारी त्यांचा एसटीडी फोन येतो. ख्यालीखुशाली झाली की आवाज थोडा खाली आणून विचारतात, "काही बंद पडलंय का तिकडे?"

"नाही हो, सगळं चालू आहे."

"काँप्युटर?"

"एकदम मस्त."

"बरं," ते म्हणतात. त्या 'बरं'नं मला पुढचा आठवडाभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. घरातला एकही नळ गळत नाही, मिक्सर गुमान चालतो आणि सोफ्याची ती कड रिकामी असते. मला त्यांची फार आठवण येते.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "काँप्युटर जरा अडकल्यासारखा वाटतोय."

"हात लावू नका कोणी! शनिवारी येतोच. तुमच्या अक्कालाही आणतो!" तिकडून असा आवाज आला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेलो. काँप्युटर आपला शांतपणे चालू होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि बायकोला हाक मारली, "अगं, ह्यातली कुठली वायर काढू?"