खाली सही कुणाची

पुंडलिकनगरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शेजारधर्म म्हणून उत्तमकाकांना सांगितलं, "काका, उद्या पाणी येणार नाही म्हणे." काका ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला. "कोण म्हणे?" मी म्हटलं, "ग्रुपवर आलंय." "ग्रुपवर कुणी टाकलं?" "ते नाही पाहिलं." "म्हणजे तुला ठावं नाय, ज्यानं सांगितलं त्याचं नाव ठावं नाय, आन् मी मात्र उद्याची अंघोळ सोडायची." मग ते आत गेले, पाणी सोडणाऱ्या लाइनमनला फोन करून आले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. पाणी साडेसहाला येणार होतं आणि ते आलंही. मी मोटार लावली नव्हती. आमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. त्या आठवड्यात आम्ही काकांच्या टाकीवर जगलो.

उत्तमराव मूळचे पैठण तालुक्यातले. शेती भावावर सोपवून ते शहरात आले आणि चाळीस वर्षं कोर्टासमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहीत बसले. या कामाला जुनी माणसं अर्जनवीस म्हणतात. पक्षकार त्यांना वकीलसाहेब म्हणत आणि ते दर वेळी न कंटाळता दुरुस्त करत. "वकील बोलतो. मी लिहितो. बोललेलं फिरवता येतं."

हे काम ते ज्या उस्तादांकडून शिकले, त्यांनी निजामाच्या अमलात उर्दूत अर्ज लिहिले होते. उस्तादांचा नियम असा होता की माणूस समोर बसला की कोऱ्या कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ मारायची. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते रेघेच्या वर लिहायचं. कुणी सांगितलेलं ते रेघेच्या खाली, सांगणाऱ्याच्या नावासकट. नाव नसेल तर लिहायचंच नाही. "बांधाचं भांडण घेऊन माणूस येतो," काका सांगत. "तासभर बोलतो, रडतो, छाती बडवतो. रेघेच्या वर दोन ओळी होतात. केस त्या दोन ओळींवर चालती, बाकीचं लिंबाखालीच राहतं."

निवृत्तीनंतरही ती रेघ सुटली नाही. काकांकडं साधा बटणांचा फोन होता, त्यामुळं आलेल्या गोष्टी त्यांना सांगायला लोक स्वतः चालत येत. कोपऱ्यावरच्या सुमनमावशी एकदा एका रसाची माहिती घेऊन आल्या. तो रस घेतला की साखरेच्या गोळ्या कायमच्या बंद. काकांनी फुलस्केप काढला आणि मोठ्यानं वाचत लिहायला लागले, "मी, सुमनबाई, वय एकसष्ट, राहणार पुंडलिकनगर, शपथेवर लिहून देते की सदर रसानं माझी साखर गेली असून मी गोळ्या बंद केल्या आहेत. घ्या, सही करा." मावशी म्हणाल्या, "मी कशाला करू? मला तर बहिणीनं पाठवलंय." "मग तिला बोलवा." "तिलाही कुणी तरी पाठवलं असंल." काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मावशींच्या गोळ्या चालू राहिल्या. कधीमधी त्या रसही पीत, पण काकांच्या नजरेआड.

"लिंबाखाली अडाणी माणूस यायचा," काका म्हणत. "अंगठा लावायच्या आधी तीनदा विचारायचा, साहेब, पुन्हा वाचून दाखवा. तुम्ही शिकलेली माणसं दिवसभर मोबाइलवर अंगठा लावता, आन् वाचत नाय." हे ते माझ्याकडं बघून म्हणत. मी हसत असे. कॉलनीच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन होतो. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत कामाला आहे. नटाचा आटा केसभर चुकला तरी पेटी परत पाठवतो. कागद नसेल तर सप्लायरला दारात उभा करत नाही. आता हे सांगायला बरं वाटत नाही, पण पुढचं कळण्यासाठी सांगावं लागतंय.

आमच्या गल्लीला दूध मल्हारी घालायचा. फुलंब्रीच्या पुढं त्याचं गाव. आजा मेंढरं घेऊन फिरायचा, बापानं शेळ्या केल्या, मल्हारीनं म्हशी. सकाळी मोटारसायकलीला दोन कॅन बांधून यायचा आणि फाटकाशी हळू आवाजात म्हणायचा, "वहिनी, भांडं." साय अशी यायची की बायकोनं तुपाचा डबा विकत आणणं सोडून दिलं होतं.

मे महिन्यात कंपनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक माणूस दुधाच्या कॅनमध्ये पांढरी पावडर ओततोय आणि मागून कुणी तरी ओरडतंय. रविवार होता, आमरस झाला होता, मी आडवा पडलो होतो. व्हिडिओ मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "आपल्याकडे येतो त्याच्यासारखाच दिसतो. सावध राहा." आणि झोपलो. चार वाजता उठलो तेव्हा सत्तावीस जणांनी हात जोडले होते. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

त्या आठवड्यात गल्लीतल्या एकेका घरानं दूध बंद केलं. मल्हारीला कुणीही कारण सांगितलं नाही. आपण सभ्य लोक. कुणी म्हणालं पाहुणे गेले, कुणी म्हणालं डॉक्टरांनी दूध बंद केलंय, कुणी दारच उघडलं नाही. आमच्या घरातून सांगितलं की पिशवीचं सुरू केलंय. मल्हारीला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं ते मोबाइलवर फिरत असलं तरी त्याच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. भरलेले कॅन तो परत घेऊन जायचा. म्हशीला काही सांगता येत नाही की उद्यापासून कमी दे. शेवटी त्यानं एकट्या उरलेल्या गिऱ्हाइकाला, म्हणजे उत्तमकाकांना विचारलं, "काका, माझं काय चुकलं? म्हशी इकायला काढू का? तेवढं तरी सांगा."

काकांनी मला हाक मारली. "सुधीर, ते काय फिरायलंय ते वाचून दाखव." मी मोबाइल उघडला. सुमनमावशींनी पुन्हा टाकलेला मजकूर एव्हाना बराच वाढला होता. "हा पाहा आपल्याकडे येणारा मल्हारी, साबणाची पावडर कालवताना रंगेहाथ पकडला. मुलांना पाजू नका. सर्वांना कळवा." काकांनी विचारलं, "तारीख?" नव्हती. "ठिकाण?" नव्हतं. "खाली सही कुणाची?" कुणाचीच नव्हती. मग त्यांनी चष्मा पुसला आणि व्हिडिओ चार वेळा पाहिला. सगळ्यांनी कॅन पाहिला होता. काकांनी कॅन सोडून बाकीचं पाहिलं. "या माणसानं स्वेटर घातलंय. मागं उभ्या असलेल्यांनी मफलर गुंडाळलेत. आपल्याकडं आज किती ऊन हाय? मागच्या दुकानाची पाटी हिंदीत हाय. आन् तोंड तर दिसतच नाय." हे त्यांना पाच मिनिटांत दिसलं. मी जो व्हिडिओ पुढं पाठवला, त्यातला स्वेटर मला तोवर दिसला नव्हता.

मला वाटलं, सुटलो. काका ते ग्रुपवर सांगायला लावतील आणि विषय संपेल. पण काका पायात चप्पल सरकवत म्हणाले, "चल. कुणी लिहिलं ते बघू. माझी कागदांची फाइल घे."

मी फाइल घेतली. त्या दुपारी मी उत्तमकाकांच्या मागं तीन घरं फिरलो, आणि चौथं घर कुणाचं निघणार हे मला पहिल्या पावलापासून माहीत होतं. सांगून टाकायला गल्लीत भरपूर जागा होती. मी नाही सांगितलं. सुमनमावशींकडं तो मजकूर जिमवाल्या गणेशकडून आला होता. गणेशला बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांकडून. "पकडला" हा शब्द गणेशनं घातला होता, कारण तसं नसतं तर व्हिडिओ कुणी काढला असता, असा त्याचा हिशेब. मल्हारीचं नाव बँकवाल्या साहेबांनी घातलं होतं. "नुसतं सारखा दिसतो म्हटल्यावर लोकांना कळलं नसतं हो," ते म्हणाले. काकांनी विचारलं, "चेकवर नाव नसलं की तुम्ही असंच घालून द्यायचात का?" साहेब पाणी आणायला आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "पण मला तर अ‍ॅडमिनकडूनच आलं." आणि माझ्याकडं पाहिलं.

काकांनी मान वर न करता माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "आडनाव?" सहा वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. मी आडनाव सांगितलं. त्यांना हे सुरुवातीपासून माहीत होतं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. मी विचारलंही नाही.

ओट्यावर येऊन त्यांनी नवा कागद घेतला आणि रेघ मारली. "बोल. काय पाहिलं?" "व्हिडिओ." "त्यातला माणूस ओळखला?" "नाही." एवढं त्यांनी वर लिहिलं. "मल्हारीसारखा दिसतो, हे कुणी सांगितलं?" "कुणी नाही. मीच म्हटलं." काकांचं पेन कागदावर अधांतरी राहिलं. "म्हंजे वर जात नाय, कारण तू पाहिलं नाय. खाली जात नाय, कारण तुला कुणी सांगितलं नाय. मग हे कुठं लिहू?" मला खरोखर लाज वाटली. चाळीस वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून शाळेतल्यासारखा बसलो होतो. अखेर मीच म्हटलं, जसं घडलं तसं लिहा. त्यांनी चार ओळी लिहिल्या, मी सही केली. ग्रुपवर त्या कागदाचा फोटो टाकला. "झालं ना काका?" मी विचारलं. "ग्रुपचं झालं," ते म्हणाले. "मल्हारीला वाचता येत नाय. त्याला वाचून दाखवावं लागंल. मी नाय, तू."

सकाळी मल्हारी काकांच्या फाटकाशी उभा होता आणि मी कागद हातात घेऊन वाचत होतो. मी व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस ओळखला नाही. तरी तो आपल्या दूधवाल्यासारखा दिसतो असं लिहिलं. ते मी मनानं लिहिलं. मल्हारीनं कॅनवर हात ठेवून सगळं ऐकलं. मग विचारलं, "भाऊ, माझ्या दुधात कायतरी हाय असं तुम्हाला वाटत व्हतं का?" मी म्हटलं, "नाही रे. तसं काहीच वाटत नव्हतं." "मग लिहिलं कामून?"

मी काकांकडं पाहिलं. काका सुपारी कातरत होते. त्यांनी मला मदत केली नाही. मल्हारी गाडीला किक मारून निघून गेला.

पुढच्या महिन्याभरात बहुतेक घरांनी दूध पुन्हा सुरू केलं. बँकवाल्या साहेबांनी सर्वांत आधी. तोवर मल्हारीच्या दोन म्हशी विकल्या गेल्या होत्या. आमच्या फाटकाशी मात्र गाडी थांबेना. मी काकांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्याला. मी तर लिहून दिलं, वाचूनही दाखवलं." काका म्हणाले, "लिहून देणं तुझं काम व्हतं, ते झालं. त्यानं दूध घालावं असं त्या कागदात कुठं लिहिलंय?"

गेल्या हिवाळ्यात उत्तमकाका गेले. सकाळी देवपूजेला बसले आणि तिथंच कलंडले. पैठणकडून भावकी आली, पुण्याहून मुलगा यायचा होता. त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून आलेल्या माणसांचा चहा आमच्या स्वयंपाकघरात होत होता. पिशव्या संपत आल्या होत्या. तेवढ्यात मोटारसायकल वाजली आणि दीड वर्षात पहिल्यांदा आमच्या दारात आवाज आला, "वहिनी, भांडं."

बायकोनं घरातलं मोठं पातेलं पुढं केलं. मल्हारीनं एक कॅन पुरता रिकामा केला. मी हात जोडले आणि म्हटलं, "मल्हारी, उद्यापासून—" तो झाकण लावत म्हणाला, "काकाची माणसं आल्यात, भाऊ. त्यांच्यासाठी हाय." मग चप्पल काढून तो काकांच्या पायाशी गेला, आणि खांदा द्यायला आमच्याबरोबर आला. तिरडीला पुढं तो होता, त्याच्या मागं मी.

काकांची माणसं पुढच्या विधींसाठी रात्रीच पैठणला गेली. दुसऱ्या दिवशी बायकोनं पातेलं घासून, पालथं करून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवलं. मी उगाच झाडांना पाणी घालत बाहेर उभा राहिलो. गाडी आली. काकांच्या बंद दाराशी तिचा वेग कमी झाला. मग ती आमच्या दारावरून पुढं गेली आणि बँकवाल्या साहेबांच्या घरी थांबली.