जपून ठेवलेली मशीन

यवतमाळला बस स्टँडमागे कानाच्या मशीनचं दुकान टाकलं, तेव्हा वाटलं होतं, इथे बोलणं कमीच होईल. झालं उलटंच! लोक मशीन दाखवायला येतात आणि घरचं सगळं सांगून जातात. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सांग ना एखादा किस्सा." मी सांगते, त्या हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? यातले बहुतेक जण मशीन जपत बसतात आणि त्यांचं ऐकायचं राहून जातं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

*

कळंबच्या एका काकूंना सांगितलं होतं, मशीन रोज कोरड्या फडक्याने पुसा. आठ दिवसांनी आल्या. मशीन चकाचक आणि मुकी.

"काकू, पाणी लागलं का हिला?"

"लागीन कायले? आंघोळ घातली ना मी. साबण लावून."

दुरुस्तीला पाठवली. मधल्या काळात नातीचं बारसं झालं. नाव काय ठेवलं, ते काकूंना पाटीवर लिहून दाखवावं लागलं.

*

झरी जामणीकडचे एक रिटायर वनरक्षक. पावसाळ्यात मशीन कोरड्या जागी ठेवा म्हटलं, तर त्यांनी घरातली सगळ्यात कोरडी जागा शोधली, तुरीचा ड्रम! मुलाला ठाऊक नव्हतं. त्याने तूर बाजारात नेऊन विकली.

"भाव चांगला भेटला मॅडम," ते म्हणाले, "पण मशीन बी मालातच गेली."

दुकानात सगळे हसले, तेही हसले. जंगलात पाचोळा वाजला तरी जनावर ओळखणारा हा माणूस. आता बायकोने मागून खांद्यावर हात ठेवला तरी दचकतो.

*

एका कचेरीतले जुने हेडक्लार्क. त्यांचा सेल महिनोन् महिने संपेना. मी विचारलं, "साहेब, मशीन लावता ना?"

"लावतो ना. मी बोलतो तेव्हा चालू करतो. लोक बोलायले लागले की बंद. सेल वाया काहून घालवा?"

सूनबाई बाजूलाच उभी होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

*

दारव्ह्याकडचं एक जोडपं. दोघांना कमी ऐकू येतं आणि दोघांत मशीन एक. बातम्यांना ते लावणार, भजनाला ती. मशीनचा साचा नवऱ्याच्या कानाच्या मापाचा, तिला तो सैल, त्यामुळे तिच्या कानात शिट्टी वाजायची.

"भांडाचं म्हटलं तर पंचाईत आहे," ती म्हणाली. "एकालेच ऐकू येते."

मी हसले खरी. नंतर वाटलं, मग गोड बोलायचं म्हटलं तरी एकालाच ऐकू येत असणार.

*

आणि पुंडलिकराव. कळंबकडचे, घरी कापूस-सोयाबीनची शेती. पहिल्यांदा आले ते बायकोला, सुमनबाईंना घेऊन. मी म्हटलं, आजपासून रोज लावा, कानाला सवय होऊ द्या.

"रोज लावून खराब होते," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात लावीन."

सुमनबाई हसल्या. "मी ओरडू ओरडू बोलतो याइच्याशी. गळा बसला माह्या. पण मशीन डब्यातून काही निघत नाही."

लग्नात एक दिवस लावली आणि डब्यात परत ठेवली. पुढे दोन वर्षं ती डब्यातच होती.

यंदा ते एकटेच आले. सुमनबाई गेल्या, थोडक्या दिवसांच्या दुखण्याने. मशीन अगदी नवीकोरी. मी नवा सेल घातला, आवाज जुळवून दिला. म्हणाले, "आता रोज लावतो."

काही दिवसांनी परत आले. "मॅडम, इथं चालते, पण घरी चालत नाही."

मी मशीनची नळी बदलली, मळ काढला, सेलही पुन्हा नवा घातला. त्यांच्या पाठीमागे टेबलावर चमचा टाकला. त्यांनी लगेच वळून पाहिलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा दारात. मी खुर्ची दिली. "काका, घरी काहीच ऐकू येत नाही का?"

"येते ना. रस्त्यावरची गाडी येते, शेजारचा टीव्ही येते." मशीन काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "सैपाकघराकून काहीच येत नाही. नळी बदलून पाहा."

नळी नवीच होती. मी पुन्हा बदलली.