सुनेचं तोंड फुकट दाखवणारी बुरुलचा

किरगीझ डोंगरातल्या नारीन गावच्या शाळेत बुरुलचा सोळा वर्षं भूगोल शिकवायची. नकाशावर काठी टेकवून विचारायची, ही कुठली खिंड, ते कुठलं कुरण. आणि मुलं घडाघडा सांगायची. एके दिवशी पाचवीतल्या एका मुलीनं उलट विचारलं, की बाई, तुम्ही स्वतः गेलात का तिथं? बुरुलचा गेली नव्हती. त्या उन्हाळ्यात ती गेली, आणि शाळा सुरू झाल्यावर परतली ती राजीनामा द्यायलाच. निदान ती तरी असंच सांगते. तिचा नवरा तुरात सांगतो, की मुख्याध्यापकांशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ती मुलगी नंतर सुचली.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. बुरुलचाकडे एक म्हातारी नीवा मोटार आहे, दोन कॅमेरे आहेत आणि मागच्या सीटवर कायम साखरेचं पोतं असतं. कारण कुरणावर रिकाम्या हातानं जायचं नसतं. उन्हाळाभर ती मेंढपाळांच्या तंबूंमधून फिरते. हिवाळ्यात घरी बसून फोटो छापते, विकते, कॅलेंडर काढते. तिचा ना कुणी मालक, ना तिला पगार. फोनवरच्या तिच्या पानाचं नाव ‘बुरुलचाची वाट’. ते साठ हजार लोक बघतात आणि त्यातले पुष्कळसे कॅलेंडर विकत घेतात. पानाच्या माथ्यावर तिनं एक वाक्य लिहून ठेवलं होतं : ‘माझे फोटो पाहिले, त्यानं ती जागा पाहिली.’

कुरणावर फोटो काढणं सोपं नाही. कॅमेरा बाहेर निघाला की माणसं तंबूत गडप होतात आणि पाच मिनिटांनी कोट, पदकं, पांढरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची टोपी असा जामानिमा करून बाहेर येतात. मागं गालिचा टांगला जातो. हसत कुणीच नाही. फोटोत हसणारा माणूस काहीतरी विकायला आल्यासारखा दिसतो, असं एका मेंढपाळानं तिला समजावलं होतं. बुरुलचानं यावर एक तोडगा काढला. ती गालिच्यापुढचा फोटो मन लावून काढते, “झालं,” म्हणते आणि कॅमेरा छातीवर लोंबता ठेवते. मग सगळे श्वास सोडतात, कोटाची बटणं काढतात, कुणीतरी कुणालातरी शिव्या देतं, आणि लोंबता कॅमेरा आपलं काम करत राहतो. गालिच्याचा फोटो छापून घरच्यांना, दुसरा पानावर. दहा वर्षं दोन्हीकडची मंडळी खूश होती.

एक गोष्ट मात्र तिच्या हाती लागत नव्हती, ती म्हणजे साइराकान आपाची उतरण.

सप्टेंबरात सगळी कुरणं रिकामी होतात आणि तंबू, चुली, म्हाताऱ्या असं सगळं ट्रकमधून खाली जातं. कारा-बेल कुरणावरच्या साइराकान आपाला (आपा म्हणजे वडीलधारी बाई) ट्रक मंजूर नव्हता. तंबूच्या नमद्याला डिझेलचा वास लागतो, असं तिचं म्हणणं. वय एकाहत्तर, तरी दरवर्षी बैलांवर तंबू लादून, मेंढरं पुढं घालून, ती स्वतः घोड्यावर बसून जुन्या खिंडीतून दोन दिवसांनी खाली पोचायची. आजूबाजूच्या चार खोऱ्यांत असं उतरणारं दुसरं घर उरलं नव्हतं. बुरुलचानं पहिल्या वर्षी बरोबर येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा आपा म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या वर्षी म्हणाली, नवऱ्याचा जुना कोट आणि रबरी बूट घालून मी कशी दिसते, हे जगाला कशाला दाखवायचं? तिसऱ्या वर्षी आपानं चहा ओतला आणि ती मेंढरं मोजायला निघून गेली.

चौथ्या वर्षी आपानं स्वतःच निरोप धाडला. धाकट्या मुलाचं, उलानचं लग्न कुरणावरच करायचं होतं आणि शहरातला फोटोवाला इतक्या वर यायला तयार नव्हता. लग्नाचे फोटो बुरुलचानं काढून द्यावेत, सप्टेंबरात खुशाल बरोबर उतरावं. बुरुलचानं त्याच दिवशी छापखान्यात सांगून टाकलं, की पुढच्या कॅलेंडरची बाराही पानं उतरणीची. पानावरही जाहीर केलं. आगाऊ मागणी येऊ लागली. आता उतरण हुकली असती, तर तिला बारा महिने कोरे छापावे लागले असते.

नवरी बेगायिम राजधानी बिश्केकची, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. तिला घेऊन उलान निघाला, तेव्हा मागोमाग बुरुलचाची नीवा होती. खिंडीच्या माथ्यावर उलानची गाडी तापली. बेगायिम खाली उतरली, डोक्यावरचा रुमाल काढला आणि कुणीतरी दिलेला कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा खडा, दाताखाली धरला. तो फुटेना. “या एका खड्यावर आमचा दवाखाना वर्षभर चालेल,” ती म्हणाली आणि स्वतःच खो खो हसत सुटली. केस वाऱ्यावर, गाल फुगलेला, हसून हसून डोळे गच्च मिटलेले. लोंबत्या कॅमेऱ्यानं ते टिपलं. त्या हंगामातला तिचा तो सगळ्यात चांगला फोटो होता, हे बुरुलचाला बघताक्षणी कळलं.

“टाका ना, एजे,” बेगायिमनं गळ घातली. बुरुलचाला ती पहिल्या तासापासून एजे, म्हणजे ताई म्हणत होती. “दवाखान्यातल्या पोरींना कळू दे मी कुठं येऊन पडलेय ते.”

खिंडीच्या माथ्यावर फोन लागतो, पलीकडे उतरलं की लागत नाही. बुरुलचानं फोटो टाकला, खाली ‘कारा-बेलची नवी सून’ असं लिहिलं आणि निश्चिंत मनानं पलीकडे उतरली. हा मंगळवार होता.

लग्नाची मेजवानी गुरुवारी. नवी सून पडद्याआड बसवलेली. तिचं तोंड पहिल्यांदा बघायचं, तर बघणाऱ्यानं काहीतरी दिलं पाहिजे, मग तो रुमाल असो, कापड असो की मेंढी. या भेटीला कोरुम्दुक म्हणतात. नव्या सुनेलाच नाही, नव्या बाळाला, नव्या घराला, नव्या मोटारीलाही ते लागू आहे. फुकट बघणं नाही. आपानं मोठी पेटी रिकामी करून पडद्याशेजारी उघडी ठेवली होती.

मानाप्रमाणे पहिला आला आपाचा धाकटा दीर, शेशेनबेक. त्याच्या घरचा चहा इतका पातळ, की पेल्याच्या तळावरची फुलं मोजून घ्यावीत. पडद्यापुढं बसून त्यानं खिशात हात घातला. आपाची मान किंचित पुढं झाली. खिशातून फोन निघाला.

“वहिनी, सून बघितली,” तो म्हणाला. “मंगळवारी, जेवताना. हसरी आहे. सुखी राहो.” त्यानं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून आशीर्वाद पुरा केला आणि तो मांसाच्या ताटाकडे सरकला.

त्याच्या मागच्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. सगळे खालच्या गावांतून आले होते, सगळ्यांनी मंगळवारीच फोटो बघितला होता. पंचावन्न पाहुणे ओळीनं आशीर्वाद देऊन गेले. पेटीत पडला तो फक्त एका आंधळ्या मावशीनं दिलेला रुमाल.

आपानं बुरुलचाला तंबूमागं समोवारपाशी, म्हणजे चहाच्या बंबापाशी बोलावलं. आवाज चढवला नाही.

“पोरी, माझी सून तू किती जणांना दाखवलीस?”

बुरुलचाला खोटं बोलता आलं असतं. “खिंडीवरून उतरलो तोवर चार हजार. आता किती, ते खाली गेल्यावर कळेल.”

“चार हजारांनी बघितली आणि एक रुमाल आला. तोही जिला दिसत नाही तिचा.” आपानं समोवारची तोटी घट्ट बंद केली. कोरुम्दुकाशिवाय घरात येतो तो बाजारातला बोकड, सून नव्हे, असं लोक जन्मभर त्या पोरीला ऐकवतील, हेही तिनं सांगितलं. मग म्हणाली, “उतरणीला तू नाहीस. कॅलेंडरात बाराही महिने माझी सूनच लाव. सगळ्यांनी बघितलीच आहे.”

फोटो टाकायला बेगायिमनंच सांगितलं होतं, हे बुरुलचा आपाला सांगू शकली असती. सांगितलं नाही. पडद्याआडच्या पोरीवर ढकलण्याइतकी ती पडली नव्हती. शिवाय त्यानं उतरण मिळाली नसती.

ती सरळ आत गेली. तिथं ओरोझाली अक्साकाल, खोऱ्यातला सगळ्यात वडील माणूस, मेंढीच्या मुंडक्याचा कान कापत होता. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, की फोटो बघणं म्हणजे बघणं होतं का?

ओरोझालीनं कान शेजारच्या पोराला दिला, सुरी पुसली आणि मांडीशी ठेवली. मग म्हणाला, गेल्या हिवाळ्यात नातवाच्या फोनवर त्यानं कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या दारूचा, चांगला मोठा सुरईभर फोटो बघितला होता. “रात्रभर बघितला. चढली नाही.”

तंबू हसला. पण शेशेनबेक असा हार जाणारा नव्हता. फोनवर मंगळवारचं पान अजून उघडंच होतं. त्यानं ते हात लांब धरून मोठ्यानं वाचलं, “‘माझे फोटो पाहिले, त्यानं ती जागा पाहिली.’ हे कुणी लिहिलंय, बुरुलचा?”

“मी.”

“मग जागा दिसते आणि सून दिसत नाही, असं कसं?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पंचावन्न जण खायचे थांबले. दारात आपा हाताची घडी घालून उभी होती. बुरुलचापुढं दोन वाटा होत्या : दहा वर्षांचं वाक्य राखायचं, नाहीतर उतरण राखायची.

“लिहावं लागतं, बाइके,” ती म्हणाली; वडीलधाऱ्या पुरुषाला बाइके म्हणतात. “नाहीतर कॅलेंडरं कोण घेणार? खरं सांगायचं, तर फोटोत काही दिसत नाही. दहा वर्षं काढतेय, मला माहीत नाही तर कुणाला? तुम्ही सून बघितलीत ना? मग डोळे कुठल्या रंगाचे आहेत तिचे?”

शेशेनबेकनं फोन नाकाशी नेला. दोन बोटांनी फोटो ताणला, आणखी ताणला. मिटलेले डोळे मोठे होऊन मिटलेलेच राहिले. “काळे,” तो म्हणाला. “किरगीझ मुलीचे आणखी कसले असणार?”

शेजारचा म्हणाला, तपकिरी असतील. तिसरा म्हणाला, तिच्या आजोळी घारे आहेत म्हणे. दोन मिनिटांत तंबूत तीन पक्ष पडले. ओरोझालीनं हात वर केला. ज्याला रंग ठाऊक नाही त्यानं तोंड बघितलेलं नाही, असा त्याचा निवाडा होता. जाऊन बघावं, पण आता बघणं म्हणजे पहिल्यांदाच बघणं.

शेशेनबेक पैजेला पेटला होता. त्यानं बायकोच्या पिशवीतून एक रुमाल ओढून काढला आणि पेटीत टाकला. “डोळे दोन आहेत,” आपा म्हणाली. त्यानं वर एक मेंढी कबूल केली. पडदा वर झाला. बेगायिम रीतीप्रमाणे मान खाली घालून, पापण्या झुकवून बसली होती. तो वाकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

“वर बघ की, सूनबाई.”

“चांगल्या घरची आहे,” आपा म्हणाली. “अशी उगीच वर बघत नाही.”

मेंढीबरोबर तिचं कोकरूही कबूल झालं, तेव्हा बेगायिमनं पापण्या उचलल्या. डोळे हिरवट करडे निघाले. ओळ पुन्हा लागली, या वेळी प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. संध्याकाळी पेटीचं झाकण बसेना म्हणून तिच्यावर उलानला बसवावं लागलं. ते बघून आपानं बुरुलचाला सांगितलं, सप्टेंबरात ये.

शेशेनबेकनं सूड घ्यायचा तो घेतलाच. ‘फोटोत काही दिसत नाही’ हे बुरुलचाचं बोलणं त्याच्या मुलानं फोनवर घेतलं होतं. कारा-बेलला एका टेकाडावर, तेही खोगिरावर उभं राहिलं तर, फोन लागतो. साठीचा शेशेनबेक खोगिरावर उभा राहिला. बुरुलचाच्या कुठल्याही फोटोपेक्षा ते चौपट लोकांनी बघितलं. छापखान्यातून काळजीचा निरोप आला. तुरातनं ते जेवताना दोनदा लावलं. माथ्यावरचं वाक्य बुरुलचानं काढून टाकलं, आणि तिथं काय लिहावं ते तिला अजून सुचलेलं नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे कारा-बेलचा तंबू मोडला. बैल लादले. आपा घोड्यावर चढली. अंगात नवऱ्याचा कोपरावर फाटलेला कोट, पायांत रबरी बूट, कवळी खिशात, कारण घोड्याच्या चालीनं ती हलते. बुरुलचानं कॅमेरा काढला आणि दोन वर्षांपूर्वीचं बोलणं आठवून, हळूच विचारलं, की आपा, कोट तेवढा बदलायचा का?

“कशाला?” बोळक्या तोंडानं आपा म्हणाली. “फोटोत काही दिसत नाही, हे तूच पंचावन्न जणांपुढं सांगितलंस. काढ किती काढायचे ते.”

आणि तिनं पुढच्या बैलाला अशी काही शिवी हासडली, की उलाननं नव्या बायकोकडे बघायचं टाळलं. बुरुलचानं वाद घातला नाही. खिंडीच्या माथ्यापर्यंतच तिचे चारशे फोटो काढून झाले.