बाबांच्या निवडणुकीची रंगीत तालीम

आमच्या पाड्यात पाणी सोडून सगळं होतं. 'सगळं' म्हणजे चाळीसेक घरं, पन्नासेक गुरं आणि पूर्ण गावात एकच बी.ए. झालेला माणूस. तो मी.

पाणी होतं वामनशेटच्या वाडीत. वामनशेट गवताचा व्यापारी. त्याची विहीर बारमाही, आणि तो पाणी कुणाला नाही म्हणत नसे. फक्त पाणी न्यायचं तर आधी त्याच्या गवताचे भारे बांधून द्यायचे. दोन हंड्यांना वीस भारे. माझी आई रोज सकाळी वीस भारे बांधून घरी यायची आणि मग चूल पेटवायची. मुंबईत मामाकडे राहून मी जे राज्यशास्त्र शिकलो त्यात लोकशाही, सार्वभौमत्व वगैरे पुष्कळ होतं, पण भाऱ्यांवर पाणी देणाऱ्या सत्तेला काय म्हणतात ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरकडे वीजघराचं काम सुरू झालं होतं, बोईसरच्या फलाटावर हिंदी ऐकू येऊ लागली होती, आणि आमची ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मी अंगणात सगळ्यांना गोळा करून समजावलं, "गावाचे तीन तुकडे केलेत, त्यांना वॉर्ड म्हणायचं. वॉर्डातून निवडून येतो तो पंच. पंचांनी आपल्यातून निवडायचा तो सरपंच. पंचांच्या सभेत विहिरीचा ठराव झाला, की तो पालघरला पंचायत समितीकडे जातो."

"म्हंजे विहीर पालघरला होणार?" चांगुणाबाय म्हणाली. (चांगुणाबाय आमची शेजारीण. तिला एकही गोष्ट सरळ पटत नसे.)

"विहीर इथंच. ठराव पालघरला."

"मंग इतकी वर्षं का नाय झाला?"

"कारण आपल्या वॉर्डाचा पंच वामनशेट."

हे मात्र सगळ्यांना एका दमात कळलं. दुसऱ्या दिवशी बाबांचा अर्ज भरला. बाबा मनाने अतिशय सरळ, बोलायला अतिशय कमी. त्यांना शिडी हे चिन्ह मिळालं, वामनशेटला छत्री.

आता प्रश्न मतदारांचा. आमच्या लोकांनी मतपत्रिका कधी नीट हाताळलेली नव्हती. मागच्या वेळी अर्ध्या लोकांनी शिक्का कागदाच्या पाठीवर मारला होता, आणि एका म्हाताऱ्याने मतपत्रिका घडी घालून बंडीच्या खिशात ठेवून घरी नेली होती. (देवाजवळ ठेवली होती. तिला हळदकुंकू वाहत असे.) म्हणून मी ठरवलं, मतदानाच्या चार दिवस आधी, रविवारी, आमच्याच अंगणात मतदानाची रंगीत तालीम घ्यायची.

मी तालीम इतकी हुबेहूब बसवली की आजही मला तिचा अभिमान वाटतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडून पेटी केली. हाताने दोनशे मतपत्रिका काढल्या, त्यावर शिडी आणि छत्री. बटाटा कापून शिक्का केला. घोंगडी आडवी बांधून आडोसा केला. लोक यावेत म्हणून मत देणाऱ्याला गुळाचा चहा आणि मूठभर कुरमुरे ठेवले. चहाच्या चुलीपाशी आई, माझी रखमाकाकू, चांगुणाबाय आणि तिची सून अशा चौघी बसल्या.

लोक आले. चहाची बातमी पसरली तशी वामनशेटच्या आळीतलीही माणसं आली. मी त्यांना अडवलं नाही, लोकशिक्षण सगळ्यांसाठी असतं. वामनशेटची बायकोसुद्धा आली. तो स्वतः तेवढा आला नाही. बाबाही नव्हते, ते गवताची गाडी घेऊन पालघरला गेले होते.

तासाभरात आईने आतून हाक मारली. "अरे, जान्याबाबा तिसऱ्यांदा चहा प्याले. गूळ संपत आला."

जान्याबाबा म्हणजे पाड्यातलं सगळ्यांत म्हातारं माणूस. मी त्यांचं बोट पाहिलं. मी प्रत्येकाच्या बोटाला दौतीतली निळी शाई लावत होतो. त्यांचं बोट स्वच्छ.

"जान्याबाबा, शाई कुठं गेली?"

"हंड्यात बोट बुडिवलं," जान्याबाबा निरागसपणे म्हणाले. "चहा गोड हाय तुझ्या आयचा."

दोनदा मत देणं हा गुन्हा आहे, दोनदा मत देणारा तुरुंगात जातो, असं भाषण मी तिथल्या तिथे ठोकलं. पण भाषणाने गूळ वाचत नाही. तेव्हा मला बिब्बा आठवला. धोबी कपड्यांवर खूण करतो तो बिब्बा. कितीही धुवा, जात नाही. आमच्या डोंगरात तो हवा तेवढा. मी बिब्बा गरम केला, सुईने टोचला, वर चुना लावला आणि नमुना म्हणून पहिली खूण स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटावर केली. मग रांगेने सगळ्यांच्या. आधी शाई लावून गेलेल्यांनाही मी परत बोलावून खूण केली. कामात कसर नको.

सोमवारी बिब्बा उतला, बोटाबोटावर फोड आले. अख्खा वॉर्ड डावं बोट वर करून हिंडू लागला. कुणी खोबरेल लावलं, कुणी तीळ वाटून लावले. फोड तीन दिवसांत बसले. डाग तसाच होता, काळाकुट्ट.

मतदानाच्या सकाळी शाळेत पेटी लागली, आणि आमच्या वॉर्डातलं एकही माणूस आलं नाही. मी पाड्यात धावलो. लोक विळे घेऊन गवत कापायला निघाले होते.

"जान्याबाबा, मत द्यायला चला."

"दिलं ना रविवारी."

"ती तालीम होती."

"चहा खरा होता ना? मंग?" जान्याबाबांनी मला बाजूला घेतलं. "बीए, तूच बोल्ला, दोनदा देनारा तुरुंगात जातो. बापाच्या हट्टापायी आमाला नको अडकवू."

(गावात मला कुणी नावाने हाक मारत नसे. पदवी मिळाल्यापासून मी बीए झालो होतो.)

दीड तास घसा फोडून मी शंभर माणसांची समजूत घातली आणि वाजतगाजत मिरवणूक शाळेत आणली. तिथे सफाळ्याकडचे एक शिक्षक मतदान अधिकारी म्हणून बसले होते. जान्याबाबा पुढे झाले. अधिकाऱ्यांनी यादीत नाव शोधलं, शाईची काडी उचलली, आणि ती हवेतच राहिली.

"हे काय?"

"बिब्बा," जान्याबाबा म्हणाले.

वामनशेटचा दुसऱ्या वॉर्डातला भाचा दामू त्याच्या बाजूने टेबलाशी बसला होता. तो ताडकन उठला. "साहेब, बोटाला खूण हाय. हा माणूस कुठंतरी मत देऊन आलाय. माझी हरकत नोंदवा."

"लेखी द्या," अधिकारी म्हणाले.

दामूने लेखी दिलं, 'डाव्या बोटास खूण असलेल्या कोणाही इसमास मत देऊ नये.' अक्षर सुरेख होतं. त्या एका कागदावर आमच्या मिरवणुकीतली सगळी माणसं परत गेली. मी पुढे सरसावलो.

"सर, गैरसमज आहे. ही मी घेतलेली रंगीत तालीम होती."

"मतदानाची तालीम? हे काय नाटक आहे का? आपण कोण?"

"मी बी.ए. आहे. राज्यशास्त्र."

"बोट दाखवा."

मी दाखवलं. सगळ्यांत ठळक खूण माझीच होती.

"शिकलेली माणसं तुम्ही," ते खिन्नपणे म्हणाले, आणि मलाही बाहेर काढलं.

मी व्हरांड्यात डोकं धरून बसलो. आईचे वीस भारे आता पुढच्या निवडणुकीपर्यंत पक्के, आणि ते माझ्या बिब्ब्याने. तेवढ्यात वामनशेटची आळी आली. सगळ्यांत पुढे त्याची बायको. अधिकाऱ्यांनी तिचं बोट पाहिलं, दामूचा कागद पाहिला आणि दामूकडे पाहिलं.

"अहो, ही माझी मामी हाय," दामू म्हणाला.

"खूण आहे."

"ती चहा प्यायला गेलेली."

"तुमची हरकत लेखी आहे," अधिकारी म्हणाले. त्यांच्या टोपीएवढीच त्यांची तत्त्वं कडक होती. वामनशेटचे साठ-सत्तर मतदार आले त्याच वाटेने परत गेले. जाता जाता मामीने दामूला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

संध्याकाळपर्यंत आमच्या वॉर्डात एकूण सहा मतं पडली. बाकीचे वीटभट्टीवर गेलेले, नाहीतर डागाळलेले. स्वच्छ बोटांची माणसं सहाच: वामनशेट, बाबा, आणि चुलीपाशी बसल्यामुळे तालमीला न आलेल्या त्या चौघी.

मी हिशोब केला आणि उडीच मारली. "बाबा, पाच विरुद्ध एक. आलात तुम्ही."

बाबा पायाने माती उकरू लागले. "पाच नाय."

"का?"

"माझं मी वामनशेटला दिलं."

"काय?"

"आपलं आपल्यालाच कसं देनार? पानात आपनच वाढून घेतल्यासारकं वाटतं."

मी भिंतीला टेकलो. "असू द्या. चार-दोन. चौघी तर आपल्या आहेत."

रखमाकाकू पदर सारखा करत म्हणाली, "मी दोगांनाबी दिलं रे."

"काकू, तसं मत बाद होतं!"

"होऊंदे. रोज त्याच्याच विहिरीवर जायचं, शिडीवर शिक्का मारताना छत्री माझ्याकडं बघत व्हती. मला नाय बरं वाटलं."

तीन विरुद्ध दोन. तेही चांगुणाबायने सरळ शिक्का मारला असेल तर. तिला विचारलं तर ती म्हणाली, "गुप्त असतं ना ते? तूच बोल्लास." आणि पुढे अर्धा तास मला तसंच टांगून ठेवलं.

मोजणी झाली. छत्री दोन, बाद एक, शिडी तीन. वामनशेटने मोठ्या साहेबांकडे तक्रार करायची धमकी दिली, पण साहेबांना दाखवायला कागद एकच होता आणि तो दामूच्या सुरेख अक्षरातला.

बाबा पंच झाले. सरपंच दुसऱ्या वॉर्डाचा झाला, त्याचं आम्हाला काही नव्हतं. पहिल्याच सभेत बाबा उभे राहून म्हणाले, "विहीर पायजे," आणि खाली बसले. पाच वर्षांतलं त्यांचं तेवढंच भाषण. ठराव झाला, पालघरला गेला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यात विहीर खणली गेली. पाणी लागलं. आईचे भारे बंद झाले.

आमच्या पाड्याने विहीर मिळवली ती तीन बायकांच्या मतांवर. त्या वॉर्डात माझ्याकडून काहीही न शिकलेल्या म्हणाल तर त्याच.