पाच नंबरची रेघ

हातखंब्याला हायवेच्या कडेला माझं रेक्झिनचं दुकान आहे. रिक्षांचे हूड, सीट कव्हरं, टेम्पोंच्या ताडपत्र्या हे सगळं मी वीस वर्षं शिवतोय. त्यामुळे एका फ्रॉकने मला आठ दिवस नाचवलं हे सांगताना जरा लाजच वाटते.

फ्रॉक माझ्या मुलीचा. तिची आई, म्हणजे माझी बायको, मस्कतला नर्स आहे. ती गेली तेव्हा मुलगी साडेतीन वर्षांची होती. वर्षाने रजा मिळणार होती, मिळाली नाही. यंदा मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला नक्की येते म्हणाली, तेही फिसकटलं. या रजेत शिवायला म्हणून तिने तिकडच्या दुकानातून फ्रॉकचा कागदी नमुना विकत घेऊन ठेवला होता. घरी येऊन स्वतःच्या मशीनवर शिवणार होती. रजा गेली तेव्हा तिने नमुन्याचा तो लिफाफा आणि मोजून तेवढंच पिवळं कापड इकडे येणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर पाठवून दिलं.

"अहो, तुम्हीच शिवा," ती फोनवर म्हणाली. "टेलरकडे देऊ नका. निदान वाढदिवसाला तरी तिच्या अंगावर मी निवडलेलं काहीतरी असू दे."

यावर मला जमणार नाही असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

लिफाफ्यात पतंगाच्या कागदाहून पातळ कागद होता, घड्या उलगडल्या तर चटईएवढा. त्यावर पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर असं सगळं छापलेलं, आणि प्रत्येक भागाला एकाबाहेर एक तीन रेघा. तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर. नंबर म्हणजे मुलीचं वय. सूचना इंग्रजीत आणि अरबीत, त्यामुळे त्या मला बायकोच फोनवरून सांगत होती.

"सगळ्यात बाहेरची रेघ धरा, पाचची," ती म्हणाली. "सहाची होत असली तरी अंगाने बारीकच आहे ती, चारचासुद्धा होईल. पण वाढत्या अंगाचा असलेला बरा."

आमच्याकडे मुलींचे कपडे असेच शिवतात, पुढचं वर्ष धरून. मीही पुढे काही विचारलं नाही. खरं तर मला त्या कागदाचाच राग आला होता. मी माप घेतो, खडूने आखतो आणि कापतो. कुठल्या तरी परक्या माणसाने काढलेल्या रेघेवर निमूटपणे कात्री चालवायची, हे माझ्या जिवावर आलं होतं. तरी चालवली.

दिवसभर मुलीला माझी आई सांभाळते. ती शेजारी बसून कोळंबी सोलत माझं काम बघत होती. "रिक्षाला हूड शिवतोस तसा नको शिवू हां पोरीला," ती म्हणाली. "वायच सैल ठेव. तिला बसायला लागतं, उठायला लागतं."

मी नाक मुरडलं, पण ती बोलली ते खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात सैल म्हणजे वाईट काम. हूड ताणूनच बसवावा लागतो, नाहीतर त्यावर पाणी साचतं. हातांना तीच सवय. बायकोच्या पायमशीनवर मी पहिली टीप मारली ती अशी ओढून, की सगळं कापड आक्रसलं. ती उसवली आणि हात ढिला सोडून पुन्हा मारली.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून आलो की तेवढंच काम. रविवारी फ्रॉक उभा राहिला आणि मी तो मुलीच्या डोक्यातून घातला. डोकं गेलं, हात मुंढ्यात अडकले. मागची बटणं काजांपर्यंत पोचेनात. कमरेची शिवण बरगड्यांवर बसली.

"पप्पा, हात खाली येत नाय," मुलगी आतून म्हणाली.

आईने माझ्या हातांकडे बघितलं, ते मला जास्तच झोंबलं. हूड शिवणारे हात शेवटी आपली खोड दाखवणारच, असं वाटून मी स्वतःवरच चिडलो. सगळा फ्रॉक उसवला. दोन दिवस खपून पुन्हा शिवला, प्रत्येक टीप सांभाळून. मुलीला घालून बघितला तर पुन्हा तेच.

मग मात्र मी पुन्हा उसवून एकेक तुकडा कागदावर ठेवून बघितला. रेघेला रेघ जुळत होती, कुठेही दोऱ्याइतकाही फरक नव्हता. मी टेप घेतला आणि आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. मुलीचं माप घेतलं. लिफाफ्याच्या मागे मापांचा तक्ता होता. छाती पाच नंबरपेक्षा दोन इंच जास्त भरली. तिची उंची तर त्या तक्त्यात कुठेच नव्हती.

म्हणजे चूक माझ्या हातांची नव्हती. बायकोने नमुना घेतला होता तो ती सोडून गेली त्या साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी, आणि वर थोडी वाढ धरली होती. आमचं रोज व्हिडिओवर बोलणं होतं. पण मोबाईलमध्ये मुलीचं नुसतं तोंड दिसतं, आणि ते रोज तेवढ्याच जागेत मावतं. मला बायकोचं फार वाईट वाटलं. मुलगी आपल्या अंदाजाच्या पुढे गेली हे तिला माझ्याकडून कळू नये, असं मी ठरवून टाकलं.

पिवळं कापड उरलं नव्हतं. हूड तोकडा पडला की आम्ही मध्ये पट्टी घालतो आणि जोडावर पायपिंग फिरवतो, म्हणजे तो जोड आहे की डिझाइन ते गिऱ्हाइकाला समजत नाही. तेच केलं. कपाटातून बायकोची जुनी निळी सुती ओढणी काढली. दोन्ही बाजूंना पट्ट्या घातल्या, मुंढ्याखाली तुकडे जोडले, कमरेला चार बोटं रुंद पट्टी दिली.

"हां, आता मावली पोर," आई म्हणाली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. मुलीने गिरकी मारून दाखवली.

"बसला ना बरोबर?" बायको म्हणाली. "मी म्हटलंच होतं, पाचचा होईल."

"हो," मी म्हटलं.

ती थोडा वेळ निरखत राहिली. "ते कमरेला निळं आहे, ती माझी ओढणी ना?"

"डिझाइन म्हणून लावली."

मुलीला पढवून ठेवायचं मी विसरलो होतो. "डिझाइन नाय काय," ती म्हणाली. "आई, मी मावतच नव्हते. पप्पांनी किती वेळा उसवला, मग पट्टी लावली."

बायकोने मला विचारलं, "किती कमी पडला?"

"चार बोटं."

"चार बोटं," ती म्हणाली. तिकडची मापंच लहान असतात, असं काहीतरी मी सांगायला लागलो, तर तिने मध्येच थांबवलं. "असू दे. तिला माझ्या मशीनपाशी उभी करा."

ती गेली तेव्हा मुलीचं डोकं मशीनच्या हाताने फिरवायच्या चाकाच्या वरच्या कडेला लागायचं. आता चाक तिच्या खांद्याच्या खाली आलं होतं. रोज त्याच खोलीत वावरून हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

"मागे जा थोडे," बायको म्हणाली. "मला तिचे पाय दिसू देत."

मी मागे सरकलो.

"अजून."

पाठ भिंतीला लागली आणि मी मोबाईल छातीशी धरला, तेव्हा कुठे मुलगी डोक्यापासून पायांपर्यंत त्यात मावली.