डुलकीबाईंचा तास

आमच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास भूगोलाचा असायचा आणि तो घ्यायला डुलकीबाई यायच्या. हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. नाव ऐकून कुणाला वाटेल, बाई वर्गात डुलक्या घेत असतील. छे! डुलक्या आम्ही घ्यायचो. बाई शिकवायच्या.

त्यांचा नियम साधा होता. ज्याला झोप आली त्याने खुशाल बाकावर डोकं टेकावं. शेजाऱ्याने त्याला कोपर मारायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. बाकीचे शिक्षक पेंगणारं पोर दिसलं की आवाज चढवायचे, या उतरवायच्या. एक पोर आडवं झालं की थोडा, दुसरं झालं की आणखी थोडा. तास संपत आला की बाई जवळजवळ कुजबुजत असायच्या आणि जागी असलेली पोरं पुढे झुकून, कान टवकारून ऐकायची. बोलता बोलता त्या खिडकीपाशी जाऊन झडप जराशी ओढून घेत, कारण ऊन सरकत सरकत कुणाच्या तरी तोंडावर आलेलं असे.

अंगाने बारीक, चालणं सावकाश, कोपराशी विरलेला स्वेटर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शाळेमागच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहायच्या. यापलीकडे त्यांच्याविषयी आम्हाला काही ठाऊक नव्हतं, आणि त्या वयात कुणाला पडलेली असते?

झोपाळूंमध्ये माझा नंबर पहिला. वडील नव्हते. आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात रात्रपाळीला जायची आणि धाकट्या भावाने रात्रभर रडायचा विडाच उचलला होता. लहानसा जीव, पण घसा असा की चाळभर ऐकू जावं. मी त्याला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायची. सकाळी आई दमून यायची, त्याला कुशीत घेऊन आडवी व्हायची आणि मी दप्तर उचलायची. त्यामुळे माझ्या हक्काची झोप म्हणजे भूगोलाचा तास.

आणि काय झोप होती ती! बाईंचा आवाज लांबून यायचा. ‘नदी आता म्हातारी झाली बरं का, तिला कुठलीच घाई उरली नाही...’ माझा बाक हळूच हलायचा, पाण्याला लागायचा. दोन्ही काठांवरून कोण कोण चालत असायचं. बर्फाचे डोंगर यायचे, त्यांच्यावर आमच्याच चाळीचे जिने असायचे. एकदा वाळवंट आलं तर तिथे आई, टेकड्या-टेकड्यांवर हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरी वाळत घालत होती. तिने वळून पाहिलं नाही, पण ती आनंदात आहे हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं. माझा सगळा भूगोल असा अर्धा जागेपणीचा, अर्धा झोपेतला. आता माझा मुलगा मला सुधारत असतो. ‘आई, ज्वालामुखीत मासे नसतात गं.’ नसतील. मी पाहिले आहेत, त्याला मी काय करू?

मग शाळेत नवे हेडसर आले. मोठे शिस्तीचे. झोपेच्या तासाची कुणीतरी त्यांच्याकडे चुगली केली, तेव्हा त्यांनी सरळ वर्गात येऊन जाहीर केलं की पुढच्या सोमवारी ते स्वतः बसतील आणि वाटेल त्याला प्रश्न विचारतील. उत्तरं धड आली नाहीत तर तास विज्ञानाच्या सरांकडे जाईल आणि बाई बालवर्गावर. तास गेला की माझी झोपही जाणार होती.

मला वाटलं, बाई निदान त्या दिवशी तरी ‘जागे राहा रे’ म्हणतील. पण सोमवारीही त्यांनी नेहमीसारखी झडप ओढून घेतली. मी मांडीला चिमटे काढत बसले. मांडी लाल झाली, पण बाई वाळवंटात शिरल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गेले.

‘ही झोपलेली मुलगी! ऊठ!’

मी उभी राहिले, पण पायांखाली अजून वाळूच होती.

‘वाळवंटात दिवसा एवढं ऊन, मग रात्री थंडी का?’

‘वाळूला काही धरून ठेवता येत नाही सर,’ मी म्हणाले. ‘ऊन गेलं की ऊबही लगेच जाते. म्हणून तर आईने चादरी नेल्यात. रात्री टेकड्यांना पांघरायला.’

सगळा वर्ग हसून हसून लोटपोट झाला. हेडसर तेवढे हसले नाहीत.

‘पहिलं अर्धं बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. ‘दुसरं पुस्तकात नाही. पण त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, सर.’

दुसऱ्या दिवसापासून बाई बालवर्गात आणि आमच्या डोक्यांवर विज्ञानाच्या सरांचे खडू. पेंगलं की बाकावर उभं राहायचं. एके दिवशी मी उभ्या उभ्याच झोपले आणि खाली कोसळले. हनुवटी फुटली. हेडसरांनी आईला बोलावून सुनावलं, ‘झोपायलाच पाठवायचं असेल तर घरी ठेवा हिला.’ आई घरी आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘वर्षभर राहा घरी. बाळ जरा मोठा होऊ दे.’ वर्षभर म्हणजे कायमचं, हे चाळीतल्या मोठ्या मुलींकडे बघून मला कळत होतं. मला शाळा सोडायची नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

त्याच संध्याकाळी डुलकीबाई धापा टाकत आमचा जिना चढून आल्या. माझी हनुवटी बघायला. आई कामावर निघायच्या गडबडीत होती. बाळाने नुकताच सूर लावला होता.

‘पोरगी वाईट नाही हो बाई,’ आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. ‘हा झोपू देत नाही तिला.’

बाईंनी त्या रडक्याच्या गालावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘रात्रीचा माझ्याकडे द्या याला. सकाळी शाळेत जाताना आणून सोडेन.’

‘अहो, रात्रभर जागवेल तुम्हाला!’

‘मी जागीच असते.’ बाईंनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. ‘किती वर्षं झाली, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. वर्गात ही पोरं झोपायची ना, ती बघून मला बरं वाटायचं. आता तेही गेलं. हा असला तर जागायला सोबत तरी होईल.’

आई शेजारणीच्या हातातसुद्धा बाळाला कधी देत नसे. तरी तिने त्याची दुलई आणि बाटली पिशवीत भरली आणि त्याला बाईंच्या खांद्यावर ठेवलं. त्याने असा टाहो फोडला की शेजारची दारं उघडली.

‘रड बाबा,’ बाई म्हणाल्या. ‘मला कुठे जायचंय?’

त्या कठड्याला धरून जिना उतरू लागल्या. बाळाचं रडणं एकेक पायरी खाली जात होतं. ते रस्त्यावर कधी पोचलं ते मला माहीत नाही. मी झोपले होते.