रिकाम्या पिशव्या

थंडीत धुकं उतरलं की ती बस माझ्या डोळ्यांपुढे येते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी येते.

तेव्हा मी देवरीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत जंगलाच्या कडेला चाळीसेक घरांचं एक गाव होतं. तरणी माणसं कामाला नागपूर-रायपूरकडे गेलेली, मागे उरले बहुतेक म्हातारे. देवरीला जायला सकाळची एक बस, दुपारी तीच परत. बाकी सगळं पायी.

एक दिवस खबऱ्या आला. म्हणाला, "सायेब, त्या गावचे दहा-दहा बुढे रोज देवरीले येऊन राहिले. हातात पिशवी. येताना रिकामी, जाताना बी रिकामी. स्टँडवर बसतात अन् परत जातात."

छत्तीसगडची सीमा जवळ, त्यामुळे नक्षलवाद्यांच्या निरोपांची ने-आण तर नाही ना, ही शंका आलीच. स्टेशन डायरीत नोंद केली, साध्या वेशातला शिपाई पाळतीवर बसवला. चार दिवसांत त्याने एवढंच कळवलं की चेहरे रोज बदलतात, पिशव्या मात्र रिकाम्याच.

मग त्यातल्या एका आबाजींना ठाण्यात आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, धोतर, हातात काठी. चहा दिला आणि त्यांच्याच बोलीत विचारलं, "काय काम असते देवरीले?"

"काई नाई."

"मंग काऊन येता?"

"पाळी असते माही," ते बोलून गेले आणि त्यांनी कपबशी उचलली.

पाळी? कसली पाळी? मी भडकलोच. टेबलावर हात आपटला. म्हातारा चहा फुंकत बसला. खोटं बोलणारा माणूस घाईत असतो, हा माझा अनुभव. यांना कसलीच घाई नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी सोडून दिलं.

दुसऱ्या सकाळी मी स्वतः साध्या कपड्यांत देवरीहून सुटणाऱ्या त्या बसने गावात गेलो आणि तिनेच परत निघालो. धुक्यात कापलेल्या धानाची शेतं, मोहाची झाडं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ. गावातून दहा म्हातारे-म्हाताऱ्या चढल्या आणि पेंगू लागल्या. शेवटी एक मुलगी धावत आली, छातीशी नर्सिंगचं पुस्तक. सगळ्यांचे डोळे उघडले. एका आजीने तिला खिडकीची जागा दिली. मुलगी वाचायला लागली, तसे सगळे पुन्हा पेंगले.

कंडक्टरने डोकी मोजली. मी त्याला दाराशी गाठलं.

तो हळूच म्हणाला, "साहेब, प्रवासी नाहीत म्हणून ही फेरी बंद पडणार होती. गावात शिकणारी ही एकटीच. बाप म्हणतो, गाडी बंद तर कॉलेज बंद, लग्न उरकून टाकतो. म्हणून गावाने पाळ्या लावल्या."

"आणि पिशव्या?"

"उगाच फिरतात असं दिसायला नको म्हणून."

हसू आलं आणि डोळेही भरले. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. डायरीत लिहिलं, चौकशीत संशयास्पद काही आढळलं नाही. मग आबाजींच्या घरी जाऊन माफी मागितली. "अहो, ठाण्यात सांगायचं ना!"

"पोरीले माईत नाई सायेब. समजलं तं तिच्या मनावर वझं होईन."

गावाची लोकसंख्या आम्ही कागदावर वाचतो. त्या गावात माणसं किती आहेत, हे मला त्या बसमध्ये कळलं. त्यानंतर कुणालाही 'काय काम' विचारताना मी जरा थांबत असे.

थंडी संपायच्या आत आबाजी गेले. त्यांची पाळी गुरुवारची, आणि माझी साप्ताहिक सुट्टीही गुरुवारचीच. घरातली एक पिशवी घेतली आणि बसने गावात जाऊन परत निघालो. मुलगी शेजारी येऊन बसली.

"काका, देवरीले काय काम?"

"बाजार करायचाय," मी पिशवी दाखवली.

"आबाजी बी हेच सांगत," ती रिकाम्या पिशवीकडे बघून हसत म्हणाली आणि तिने पुस्तक उघडलं.